दहावीचं वर्ष आणि दहा बाय दहाची खोली

जानेवारी लागला की आरोग्याच्या पानाकडे येणारे प्रश्न बदलतात. साखर, गुडघे, खोकला मागे पडतात आणि आया विचारायला लागतात, "ताई, पोराला स्मरणशक्तीचं टॉनिक कोणतं देऊ?" कुणी म्हणते, "रात्र रात्र वाचत बसते, पण सकाळी विचारलं तर काही सांगता येत नाही. डोक्यात काही दोष असेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. असं टॉनिक नाही. मेडिकलच्या दुकानात बाटल्या आहेत, त्यांच्यावर चष्मा घातलेल्या हुशार मुलाचं चित्रही आहे, पण ती पिऊन धडा पाठ होत नाही. त्या बाटलीच्या पैशात आठवडाभराची अंडी आणा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे, कारण डोक्यात दोष बहुतेक वेळा नसतो. दोष असतो तो अभ्यासाच्या पद्धतीत, झोपेत, रक्तात, कधी डोळ्यांच्या नंबरात, आणि पुष्कळदा घरात जागाच नसण्यात.

आधी पद्धत बघू. आपली मुलं अभ्यास म्हणजे वाचणं समजतात. धडा एकदा वाचला, दोनदा वाचला, पिवळ्या पेनाने रेघा मारल्या, गाइडमधलं उत्तर वहीत उतरवून काढलं. चार तास गेले. डोळे दुखले, पाठ दुखली, म्हणजे अभ्यास झाला असं वाटतं. आईलाही वाटतं. पण पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आठवत मात्र नाही. रस्त्यात दिसलेला माणूस ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तसंच हे आहे. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, नावच आठवावं लागतं.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या काहींनी तो वाचला, मग बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून बघणारे पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होती. आपली "माझं सगळं झालंय" म्हणणारी मुलं आठवा.

म्हणून पद्धत अशी ठेवा. विज्ञान भाग १ मधला गुरुत्वाकर्षणाचा धडा घ्या. एक भाग वाचा, समजून घ्या, पुस्तक बंद करा. पाठकोऱ्या कागदावर केप्लरचे तीन नियम लिहा, आकृती काढा, सूत्र लिहा. अडलं तर लगेच पुस्तक उघडायचं नाही, दोन मिनिटं डोकं खाजवायचं. ते खाजवणंच कामाचं असतं. मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका दुरुस्त करायच्या आणि जे चुकलं तेवढंच पुन्हा वाचायचं. गणितात तर दुसरा मार्गच नाही. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचून वर्गसमीकरण येत नाही. उत्तर झाकून, पहिल्या पायरीपासून स्वतः सोडवावं लागतं.

नर्सिंगच्या होस्टेलमध्ये आम्ही औषधांचे डोस असेच पाठ केले. एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं, मग उलटं. पुस्तक एकच, मुली पाच, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. वस्तीतल्या मुलांनाही हे जमतं. भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे, ती एकमेकांना तोंडी विचारता येते, रेशनच्या रांगेतसुद्धा. न शिकलेली आईसुद्धा मदत करू शकते. "काय वाचलंस ते मला समजेल असं सांग" एवढंच म्हणायचं. मूल सांगताना कुठे अडखळलं, तेवढं आईला कळतं, आणि मुलालाही तिथेच कळतं की हा भाग कच्चा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेल्या गोष्टी पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत वेगाने विसरल्या जातात, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे विसरणं हा मंदपणा नाही, प्रत्येकाचा मेंदू तेच करतो. उपाय असा की विसरत आलो की पुन्हा आठवायचं. आज केलेला धडा उद्या दहा मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. एका रविवारी सहा तास इतिहास करण्यापेक्षा तेच सहा तास दोन आठवड्यांत वाटले तर जास्त उरतं. भिंतीवर एक कागद लावा, धड्याचं नाव आणि पुढे तारखा. महागडं वेळापत्रक लागत नाही.

आता झोप. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे झोपेला आळस समजतात आणि जागरणाला कष्ट.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या २४ तासांत ८ ते १० तास झोप लागते. झोपेत मेंदू बंद होत नाही. दिवसभरात शिकलेलं पक्कं करून ठेवण्याचं काम तो झोपेतच करतो. म्हणून रात्री दोनपर्यंत वाचून सकाळी पाचला पाण्यासाठी उठलेल्या मुलीच्या वाचनाचा बराच भाग वाया जातो. शिवाय दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, सोपी गणितं चुकतात. मी रात्रपाळ्या केल्या आहेत. सलग चौथ्या रात्री साधी बेरीजही दोनदा तपासावी लागते, हे कोणतीही नर्स सांगेल.

पण झोपणार कुठे आणि कधी? एका खोलीत सहा माणसं, त्यात टीव्ही, त्यात रात्री अकराला कामावरून येणारे वडील. हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेबांचं कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहत होतं. तिथे अभ्यासाला जागा नव्हती, तेव्हा रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपायला सांगत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत आणि मग त्यांना उठवून आपण झोपत. ही गोष्ट आपण जयंतीला भाषणात नेहमी ऐकतो, पण तिच्यातला एक भाग सुटतो. मुलगा आधी झोपलेला असायचा. बापाने जागरण स्वतःकडे घेतलं होतं. आज मुलाला पहाटे उठवायचं असेल तर रात्री नऊला टीव्ही बंद करण्याची तयारी घरातल्या मोठ्यांची हवी.

सगळ्यांना पहाट मानवत नाही हेही खरं आहे. या वयात शरीराचं घड्याळच थोडं उशिरा सरकतं, मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. ज्याला पहाटे पेंग येते त्याला रात्री अकरापर्यंत बसू द्या आणि सकाळी सात वाजेपर्यंत झोपू द्या, पाण्याचं काम दुसऱ्या कुणी करावं. रात्रीची झोप अपुरी पडलीच तर दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी, दोन तासांची नको. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी बंद. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात. आणि झोप उडवण्यासाठी किंवा झोप येण्यासाठी कुणाच्याही सांगण्यावरून गोळी घ्यायची नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. दहावीचा मुलगा असला की घरात सगळे हळू बोलतात. दहावीची मुलगी असली की ती भांडी घासून अभ्यासाला बसते. धाकट्याला सांभाळायचं, नळाच्या रांगेत उभं राहायचं, आई कामावर गेली की चपात्या करायच्या, आणि मग म्हणायचं, हिला गती नाही. रोज अडीच तास घरकाम म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या ५९ दिवसांत सुमारे दीडशे तास होतात. तेवढ्यात गणिताचे दोन्ही भाग तीनदा होतील. ही दोन महिन्यांची कामं भावाला द्या. त्याला चपाती येत नसेल तर भात येईल.

घराबाहेर जागा शोधणं हाही जुनाच मार्ग आहे. भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे आणि तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची त्यांच्याशी ओळख झाली. पुढे मॅट्रिक झाल्याच्या सत्कारात गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. आज पुष्कळ वस्त्यांत बुद्ध विहारात अभ्यासिका चालते. नसेल तर मंडळाच्या बैठकीत मागा. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. दोन ट्यूबलाइट, पंखा, चटया, प्यायचं पाणी आणि चालू स्थितीतलं संडास-बाथरूम एवढं पुरतं. शेवटची गोष्ट मुलींसाठी फार महत्त्वाची आहे, ती नसेल तर मुली पाणी न पिता बसतात किंवा येतच नाहीत. मुलींना रात्री नऊला घरी सोडायला रोज कोण जाणार, याची यादी आयांनी करून भिंतीवर लावावी. काही ठिकाणी महिला मंडळाने ही जबाबदारी घेतली आणि अभ्यासिकेत मुलींची संख्या वाढली, हे मी पाहिलं आहे.

आवाजाबद्दल कायदा आपल्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, सणांसाठी राज्य सरकार ठरवून देतं ते मोजके दिवस सोडून. ११२ वर तक्रार करता येते. पण हळद, वाढदिवस आणि मिरवणुकीचे डीजे आपलेच असतात, तिथे पोलिसांच्या आधी आपणच बोललं पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वस्तीत आवाज लहान ठेवायचा, असं मंडळाने एकदा ठरवलं की कुणाशी भांडण करावं लागत नाही.

आता रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. रक्तात लोह कमी असलं की दम लागतो, डोकं दुखतं, पाय जड होतात, आणि वाचलेल्या ओळीवर मन टिकत नाही. माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हीही खूण आहे. अशा मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. मुलींमध्ये १२ पेक्षा कमी आलं तर उपचार लागतात, आणि फार कमी असेल तर नुसत्या बिटाच्या रसाने भरून निघत नाही. डॉक्टर सांगतील तो कोर्स पूर्ण करा.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ती लोह आणि फॉलिक अॅसिडची असते. "या गोळीने पुढे मूल होत नाही" ही अफवा आहे. शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नका. मळमळ टाळायला जेवणानंतर घ्या, सोबत लिंबू किंवा पेरू खा, आणि मागेपुढे तासभर चहा नको, चहामुळे लोह शरीरात कमी शोषलं जातं. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळणारी गोळीही मुलांना खाऊ द्या, जंत पोटात बसून लोह आणि अन्न दोन्ही कमी करतात. आहारात मटणाची कलेजी, सुकट, अंडी, नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरे, शेवगा, मेथी, यांतलं जमेल ते असू द्या. वडे आणि चिप्सने पोट भरतं, तेवढंच.

पाळीचा हिशेब आधी करा. कॅलेंडरवर खूण करून ठेवली तर कोणत्या पेपरला पाळी येईल याचा अंदाज येतो. पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. पोट फार दुखत असेल तर महिनाभर आधीच डॉक्टरांना दाखवा, म्हणजे योग्य गोळी हाताशी राहते आणि ती त्या मुलीला सोसते का हेही कळतं. पिशवीत पॅड आणि जास्तीची चड्डी ठेवायची, लाजायचं काही नाही.

डोळ्यांकडे तर कुणाचं लक्षच नसतं. फळ्यावरचं उतरवताना चुका होणं, पुस्तक नाकाशी धरणं, दुपारनंतर कपाळ दुखणं, ही नंबर लागल्याची लक्षणं असू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत तपासणी होते, त्यात नजरही तपासतात. तपासणीच्या दिवशी मूल गैरहजर होतं का ते विचारा आणि सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या. चष्मा लागला तर मुलीला लपवायला सांगू नका. लग्नाला अजून पुष्कळ वेळ आहे.

मोबाइलवर भाषण देत नाही. एकच सांगते, अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, दुसरी खोली नसेल तर शेजारच्या काकूंकडे. व्हिडिओ बघून गणित समजतं, पण बघणं हेही वाचण्यासारखंच आहे. व्हिडिओ संपला की तेच उदाहरण कागदावर.

भीती थोडी असतेच, हात गार पडतात, पोटात गोळा येतो, दोनदा लघवीला जावं लागतं. ते शरीराचं तयारीचं लक्षण आहे. श्वास सावकाश घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, असं दोन मिनिटं केलं की छातीतली धडधड कमी होते. पण मूल जेवत नसेल, रात्रभर जागं असेल, मित्रांशी बोलणं सोडलं असेल, "मी नसलो तर बरं" असं काही बोललं असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा मोफत नंबर आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ हाही नंबर आहे.

आणि घरातल्या मोठ्यांनी "नापास झालास तर घरात घेणार नाही" हे वाक्य गमतीतसुद्धा बोलू नये. एखाद-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो, पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्के काढले तर ३८ सुद्धा होत नाहीत. पुढे कोलंबिया आणि लंडनला काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. हे अभ्यास न करण्याचं कारण म्हणून कुणी वापरू नये, पण ४५ टक्के घेऊन आलेल्या पोरासमोर शेजारच्याचे ९० टक्के वाचणाऱ्या बापाने जरूर वाचावं.

आता पेपरचा दिवस. केंद्र एक दिवस आधी जाऊन बघून या, बस किती वाजता सुटते तेही. आदल्या रात्री नवीन धडा उघडायचा नाही, आपणच काढलेले लाल पेनाचे कागद चाळायचे आणि दहाला झोपायचं. सकाळी पोटभर पण हलकं, पोहे, भाकरी-अंडं, दूध-चपाती, जे रोज खातो तेच. उपाशी पाठवू नका आणि त्या दिवशी बाहेरचं काही खाऊ घालू नका. मार्चमध्ये पत्र्याखाली रात्रभर घाम गेलेला असतो, म्हणून सकाळपासून पाणी प्यायला लावा आणि साध्या पारदर्शक बाटलीत पाणी सोबत द्या.

भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. गणित आणि विज्ञानाचा प्रत्येक भाग ४० गुणांचा, दोन तासांचा, तिथे एका गुणाला तीन मिनिटं मिळतात. २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून देतात, ती तपासायला ठेवा. घरी सराव करतानाही घड्याळ लावून, एका बैठकीत पूर्ण पेपर सोडवावा, निदान प्रत्येक विषयाचा एक. आधी येणारे प्रश्न सोडवायचे, प्रश्नाचा क्रमांक ठळक लिहायचा. अडलेल्या प्रश्नावर दहा मिनिटं घालवून पुढचे येणारे सोडणारी मुलं दरवर्षी भेटतात. गणितात उत्तर आलं नाही तरी सूत्र आणि जमतील तेवढ्या पायऱ्या लिहा, पायऱ्यांना गुण असतात.

पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवत उभं राहू देऊ नका. "कसा गेला?" हा प्रश्नही एकदाच विचारा. घरी आणून जेवू घाला, अर्धा तास झोपू द्या, आणि हॉल तिकीट, दोन पेनं, पट्टी, कंपास पुन्हा त्याच पिशवीत ठेवून पिशवी दाराच्या खुंटीला लावा.